प्रल्हादकाकांचं न अडणारं मॅगझीन

अमेरिकेतल्या बॉथेलमध्ये रस्त्यावर पस्तीसची पाटी असली की प्रल्हादकाका टेंभेकर गाडी तेहेतीसने हाकतात. उरलेले दोन मैल, काटा चुकीचा असला तर असावेत म्हणून. भारतातून परत येताना शुभाकाकूंच्या सामानातल्या गोड्या मसाल्याची, मेतकुटाची आणि कुरडयांची यादी ते कस्टमच्या अधिकाऱ्याला आपणहून देतात, दोन प्रतींत. एकदा तो अधिकारी कंटाळून "जा, जा" म्हणाला, तर काका हलेनात. कुरडई म्हणजे काय हे नीट कळल्याशिवाय त्याने आपल्याला सोडणं बरोबर नाही, असं त्यांचं म्हणणं. मागे दीडशे माणसं खोळंबलेली.

"मी दुसऱ्या रांगेत जाऊन उभी राहिले," काकू सांगतात. "म्हटलं, ओळख नको."

मी प्रसन्न. गाव पाचोरा, धंदा सॉफ्टवेअर, मुक्काम गेली दोन वर्षं टेंभेकरांच्या तळघरात, भाड्याने. पहिल्या दिवशी काकांनी घर दाखवलं. कपडे धुवायचं मशीन इथे, विजेची बटणं इथे, आणि ही लोखंडी तिजोरी.

"यात माझी कार्बाईन आहे," ते म्हणाले. "तू व्हिसावर आहेस. व्हिसावरच्या माणसाने बंदुकीला हात लावायचा नाही. कायद्यात एखादी पळवाट असेलही, पण उगाच कशाला? तू कायम दहा फूट लांब राहायचं."

मला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. संध्याकाळी कामावरून आलो तर तिजोरीपासून बरोबर दहा फुटांवर फरशीला निळी पट्टी चिकटवलेली. त्यामुळे इथे जे सांगतोय ते सगळं मी लांबूनच पाहिलेलं आहे. लांबूनही तोंड उघडंच राहिलं, ही गोष्ट वेगळी.

काका मूळचे अचलपूरचे. कॉलेज अमरावतीला, तिथे एनसीसी. त्या काळात एनसीसीत वर्षाला पाच गोळ्या झाडायला मिळायच्या. पाच. आणि झाडल्यावर पाचही रिकाम्या पुंगळ्या परत द्यायच्या. एखादी कमी भरली तर अख्खी तुकडी गुडघ्यांवर बसून गवत चाळायची. तेव्हाच त्यांच्या मनाने घेतलं की आयुष्यात एकदा तरी सलग दहा झाडायच्या. पुढे ते इकडे आले, विमानाच्या खुर्च्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासनीस झाले आणि एकतीस वर्षं पुढच्या खुर्चीच्या पाठीला असतो त्या ट्रेच्या बिजागऱ्या तपासत राहिले. "विमानात तुझ्या मांडीवर कॉफी सांडत नसेल तर त्यात थोडा वाटा माझा आहे." इतकी एकच बढाई मी त्यांच्या तोंडून ऐकली आहे. नागरिकत्व मिळाल्यावर त्यांनी ती कार्बाईन रीतसर विकत घेतली. कार्बाईन म्हणजे आखूड, हलकी रायफल. काकांची दुसऱ्या महायुद्धातली, अमेरिकन सैन्याची. तिचं लाकूड कुणाकुणाच्या तळहातांनी इतकं गुळगुळीत केलेलं आहे की लांबूनसुद्धा ते ऊबदार असेल असं वाटतं.

आता गॉर्डन. गॉर्डन शाळेची बस चालवायचा. काकांची मुलगी हिमानी तिसरीत असताना एकदा दुपारी इतका बर्फ पडला की बस चढावर रुतली. गॉर्डनने बसमधल्या अकरा मुलांना एकेक करून चालत घरी पोहोचवलं. शेवटची हिमानी. दारात आला तेव्हा त्याच्या भुवयाही पांढऱ्या झाल्या होत्या. काकूंनी त्याला चहा दिला, गरम उपमा दिला. त्याने उपम्यातली मोहरी बोटाने बाजूला काढत काढत भिंतीवरचा काकांचा एनसीसीतला फोटो पाहिला आणि बोलणं बंदुकांवर आलं.

गॉर्डनचा बाप कोरियाच्या युद्धात ट्रक चालवायचा. त्याला सैन्याने अशीच कार्बाईन दिलेली. युद्ध संपल्यावर बंदूक सैन्याने परत घेतली, पण बापाच्या पिशवीच्या तळाशी तिची चार मॅगझिनं राहून गेली. गॉर्डन नऊ वर्षांचा असताना बाप वारला. मॅगझीन म्हणजे बंदुकीखाली बसते ती गोळ्यांची पत्र्याची डबी. चारही डब्यांच्या तळाला बापाने खिळ्याने रेघा ओढल्या होत्या. एकीवर एक, दुसरीवर दोन, तिसरीवर तीन, चौथीवर चार. बापाच्या हातचं गॉर्डनकडे तेवढंच होतं.

पुढच्या आठवड्यात गॉर्डन एका लोकरी मोज्यात ती चार मॅगझिनं घालून घेऊन आला. "तुझ्याकडे बंदूक आहे आणि माझ्याकडे मॅगझिनं," तो काकांना म्हणाला. "एकट्याचा उपयोग दोघांनाही नाही." इथल्या नेमबाजीच्या क्लबात दर सप्टेंबरात जुन्या रायफलींची जोड्यांची मॅच होते. एक बंदूक, दोन नेमबाज, प्रत्येकाला दहा गोळ्या आणि एक मिनिट. तेव्हापासून टेंभेकर आणि गॉर्डन ही जोडी दर वर्षी उतरते. मराठी मंडळातले सगळे काकांना ओळखतात, गणपतीच्या हिशोबापासून पार्किंगच्या पावत्यांपर्यंत कामाला लावतात. पण मित्र म्हणावा असा माणूस काकांना या देशात एकच मिळाला, आणि तोही बर्फात बस अडकली म्हणून.

२०२२ साली वॉशिंग्टन राज्याने कायदा केला. दहापेक्षा जास्त गोळ्या बसणारी मॅगझिनं यापुढे विकायची नाहीत, बाहेरून आणायची नाहीत. ज्यांच्याकडे आधीपासून होती त्यांनी ती ठेवायला हरकत नव्हती. गॉर्डनच्या बापाची चारही पंधरा गोळ्यांची. काकांनी कायदा तीनदा वाचला. ठेवता येतात, हे त्यांना तीनही वेळा कळलं. तरी त्यांनी ती एका पाकिटात घातली, सोबत अर्ज लिहिला, अर्जाला स्वतःच्या लायसन्सची प्रत जोडली आणि पोलिसांकडे नेऊन दिली.

"खिडकीतला पोलीस म्हणत होता, काका, ही घरी घेऊन जा," काकू मला सांगत होत्या. "म्हणजे काका नाही म्हणाला, सर म्हणाला. आतून दुसरा आला, तोही म्हणाला घेऊन जा. हे म्हणतात, नाही, तुम्ही घ्याच! शेवटी यांना घालवायला म्हणून त्यांनी घेतली बघ."

घरी येताना एका सिग्नलला दिवा हिरवा झाला तरी काकांनी गाडी पुढे घेतली नाही. मागच्यांनी हॉर्न मारले. बॉथेलमध्ये हॉर्न वाजणं म्हणजे पाचोऱ्यात बॉम्ब पडल्यासारखं. काकू म्हणाल्या, "अहो, चला की." काका म्हणाले, "शुभा, ती आपली नव्हती."

तिसऱ्या दिवशी ते परत मागायला गेले. मॅगझिनं वितळवायला गेली होती.

हे त्यांनी गॉर्डनला सांगितलं नाही. पुढची दोन वर्षं त्यांचं नशीब जोरावर होतं. एका सप्टेंबरात वणव्यांचा धूर इतका आला की मॅच रद्द झाली, दुसऱ्या सप्टेंबरात गॉर्डनचं खुब्याचं ऑपरेशन. तिसऱ्या वर्षी, म्हणजे मी आल्यानंतरच्या पहिल्या मॅचला, काकांनी दुकानातून नवीकोरी दहा गोळ्यांची मॅगझिनं आणली. चौथ्या गोळीला बंदूक अडली. काकांनी ती मोकळी केली. सहाव्याला पुन्हा अडली. मिनिट संपलं. गॉर्डनच्या पाळीत तर दुसऱ्याच गोळीला.

"हे डबडं कसलं लावलंयस?" गॉर्डनने विचारलं. सगळं इंग्रजीतच झालं, मी आपला मराठीत सांगतोय. "माझ्या बापाची कुठे आहेत?"

"घरी," काका म्हणाले. "कपाटात. जपून ठेवलीत."

"जपायची कशाला? कोरियात नाही अडली ती. पुढच्या वर्षी आण."

गाडीत काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पंचेचाळीस वर्षांच्या संसारात यांचं पहिलं खोटं ऐकलं रे मी. तेही इंग्रजीत." काका समोर रस्त्याकडे बघत होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

त्या रात्री काय झोपले असतील कोण जाणे. सकाळी चहाच्या टेबलावर त्यांनी बेत सांगितला. दहा गोळ्यांचं असं मॅगझीन शोधायचं की ते कधीच अडणार नाही. बंदूक चोख चालली तर गॉर्डन बापाच्या मॅगझिनांचं नाव काढणार नाही. वर्ष हातात आहे.

"आणि काढलं तर?" मी विचारलं.

"तू पोहे खा."

मला वाटलं होतं, त्यात काय, ऑनलाईन चार ऑर्डर करायची, बरं निघेल ते ठेवायचं. मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे जे दहातून सात वेळा चालतं ते लोकांना विकतात आणि उरलेल्या तीन वेळांसाठी फोन नंबर देतात. काकांची पद्धत निराळी. "शंभर गोळ्या," ते म्हणाले. "एका मॅगझिनातून शंभर. एकदा अडलं की बाद."

का अडतं, हे त्यांनी मला एका संध्याकाळी समजावलं. मी पट्टीच्या अलीकडे बसलेलो, ते पलीकडे, मध्ये स्टुलावर एक रिकामं मॅगझीन. पत्र्याच्या डबीत तळाला स्प्रिंग, स्प्रिंगवर एक पट्टी, पट्टीवर गोळ्यांची चळत. वर पत्र्याचे दोन आत वळलेले ओठ, गोळी धरून ठेवणारे. बंदूक झाडली की आतला दट्ट्या मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो, परत पुढे येतो आणि येता येता ओठांतली वरची गोळी ढकलून नळीत घालतो. तेवढ्यात स्प्रिंगने खालची गोळी वर आणून ठेवलेली पाहिजे.

"किती वेळ असतो तिला?" मी विचारलं.

काकांनी माझ्या डोळ्यांसमोर चुटकी वाजवली. मी पापणी मिटली. "तू आत्ता पापणी मिटलीस ना? त्याच्या निम्मा. आणि ओठ केसभर जास्त उघडे असले तर गोळी नाक वर करून येणार, केसभर मिटलेले असले तर सुटणारच नाही."

मी त्या डबीकडे बघत राहिलो. हे काम ऐंशी वर्षांपूर्वी, युद्धाच्या घाईत, कुठल्या तरी कुलपाच्या नाहीतर खेळण्यांच्या कारखान्यात बायाबापड्यांनी पत्रा वाकवून केलं, आणि ते चालतं. आणि नवी, चकचकीत, प्लास्टिकच्या पुडीतली मॅगझिनं अडतात.

दर मंगळवारी सकाळी नऊला काका क्लबाच्या रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, सरावाला जायला लागले. गॉर्डनने ऑपरेशननंतर मॅचशिवाय रेंजवर येणं सोडलं होतं, त्यामुळे तो बघेल ही भीती नव्हती. मंगळवारी माझं काम घरून असतं, तेव्हा मीही जायचो, मोजायला. ऑफिसची मीटिंग एका कानात, वर आवाज अडवणारे हेडफोन. प्रत्येक मॅगझिनाच्या तळाला काकूंच्या नेलपॉलिशने आकडा टाकलेला. एक नंबर बाराव्या गोळीला गेलं. दोन नंबर तिसऱ्याला. पाच नंबरने चव्वेचाळीस काढल्या तेव्हा आम्ही दोघंही श्वास रोखून होतो. पंचेचाळीसाव्याला खट्ट. काका रागावत नसत. मॅगझीन काढायचे, बोटाने ओठ चाचपायचे, बंदूक पूर्ण मोकळी करून बाकावर ठेवायचे आणि मागे वळून मला सांगायचे, "लिही. स्प्रिंग ढिली." किंवा "लिही. बंदुकीत सैल बसतंय, खाली ओघळतंय." सतरा मॅगझिनं अशी बाद झाली. बाद झालेलं ते फेकत नसत. डब्यात घालून, डब्यावर 'बाद' लिहून ठेवत. बिजागऱ्यांची सवय.

फेब्रुवारीत जत्रेच्या मैदानावर बंदुकांचं प्रदर्शन होतं. लांबच लांब टेबलं, त्यावर काय काय. काका प्रत्येक टेबलाशी जाऊन आधी परवानगी मागायचे, मग खिशातून पातळ पात्यांचं माप काढून मॅगझिनांचे ओठ मोजायचे. एक दाढीवाला दुकानदार वैतागला.

"म्हाताऱ्या, घेणार आहेस की लग्न करणार आहेस?"

"बायकोला मी वीस मिनिटं पाहिलं होतं," काका शांतपणे म्हणाले. "याला जास्त वेळ लागेल."

दाढीवाला इतका हसला की त्याने शेजारच्या टेबलवाल्याला ते परत सांगितलं. त्या शेजारच्याने काकांना कोपऱ्यातलं एक टेबल दाखवलं. तिथे डोंगरापलीकडून आलेली एक बाई होती, सत्तरीची, गुडघ्यावर विणकाम. समोर पावाच्या डब्यात जुनी मॅगझिनं. ती युद्धातली खरी मॅगझिनं गोळा करायची आणि आत ठोकळा घालून, रिव्हेट मारून, ती कायमची दहा गोळ्यांची करायची. नवऱ्याचं काम होतं, तो गेल्यावर हिने चालू ठेवलेलं.

काकांनी विचारलं, "ठोकळा पुन्हा काढता येतो?"

"काढलास तर डबीच फाटेल."

"तसं लिहून द्याल?"

बाईने विणकाम थांबवलं आणि चष्म्यावरून पाहिलं. "लिहून?"

"सहीसकट."

मी लाजेने दुसरीकडे बघायला लागलो. पण बाईने वही काढली आणि लिहून दिलं, वर तारीख घातली. मग म्हणाली, "मीही नवऱ्याकडून दर गोष्ट लिहूनच घ्यायचे." काकांनी पाऊण तास तिचा डबा तपासला. पाऊण तास ती विणत राहिली. डब्यात तेवीस होती, त्यातली दोन काकांनी निवडली. ती त्यांच्याकडे बघून म्हणाली, "मीही तीच दोन दिली असती."

अठरा नंबर आणि एकोणीस नंबर. मार्चमधल्या एका ओल्या मंगळवारी आम्ही ती झाडली. डोंगराच्या पायथ्याशी रेंज, समोर देवदारांसारखी उंच झाडं, झाडांवर शेवाळ, शेवाळावर धुकं. काका बाकाशी बसले. दहा गोळ्या भरायच्या, दहा झाडायच्या, थांबायचं, पुन्हा भरायच्या. दहा. वीस. पन्नास. मी आकडे लिहायचं थांबवलं आणि नुसता ऐकत राहिलो. प्रत्येक गोळीनंतर पुंगळी उजवीकडे एक छोटी पिवळी कमान काढून पडत होती, आणि आवाज झाडांवर जाऊन परत येईपर्यंत पुढची झालेली असायची. एकाही ठिकाणी लय तुटली नाही. ऐंशी. नव्वद. मला एकदम ऑफिसमधले आमचे सर्व्हर, त्यांचे लाल दिवे, माझे सहा डॅशबोर्ड आठवले आणि हसू आलं. शंभर. मग दुसऱ्यातूनही शंभर. काकांनी बंदूक मोकळी करून ठेवली आणि उठून ते गवतात वाकले. दोनशे पुंगळ्या वेचल्या. दोनशे भरल्यावरच कमरेवर हात ठेवून सरळ झाले.

"लिही," ते म्हणाले. "पास."

आणि दोन्ही मॅगझिनं रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. 

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण मॅचच्या आदल्या दुपारी मी वर चहाला गेलो, तर जेवणाच्या टेबलावर रिकामी अठरा आणि एकोणीस ठेवलेली, आणि काका काकू दोन बाजूंना. मी दारातच थांबलो.

गॉर्डनचा फोन आला होता. बापाची मॅगझिनं उद्या विसरू नकोस म्हणाला होता.

"तीच जात, तोच जुना पत्रा," काकू हळू आवाजात म्हणत होत्या. "छापसुद्धा तोच आहे म्हणालात ना? मग सांगा, कायद्यासाठी तुझ्या वडिलांचीच दहाची करून घेतली. तुम्ही असं कराल हे त्याला पटेलच. नेलपॉलिश मी पुसते. तुम्ही रेघा ओढा."

काकू आयुष्यभर मुलांना शनिवारच्या मराठी शाळेत खरं बोलायला शिकवत आल्या. त्यांनी हे म्हणावं, याचं मला नवल वाटलं नाही. त्यांनी वर्षभर नवऱ्याला मान खाली घालून जेवताना पाहिलं होतं.

काकांच्या हातात खिळा होता. तो त्यांनीच आणला असणार, गॅरेजमधून. अठरा नंबर उलटं करून त्यांनी खिळ्याचं टोक तळाच्या पत्र्यावर टेकवलं. एक रेघ. अर्ध्या इंचाची. एवढंच काम होतं. तसं ते केलं असतं तर गॉर्डनला मरेपर्यंत कळलं नसतं, आणि तो सुखी राहिला असता. मी मनात म्हणत होतो, ओढा. खरं सांगतो, मी ओढली असती.

काकांनी खिळा खाली ठेवला. "रेघ मी ओढीन, शुभा. पण त्याच्या बापाचा हात कुठून आणू?"

 काकूंनी चहा गाळला, मला हाक मारली आणि साखर घालायला विसरल्या. तिघांनीही तो तसाच प्यायला.

शनिवारी सकाळी रेंजच्या पार्किंगमध्ये गॉर्डन आपल्या ट्रकच्या मागच्या फळीवर बसून बुटाची नाडी बांधत होता. काका त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. मी आणि काकू गाडीशी.

"गॉर्डन, तुझ्या वडिलांची मॅगझिनं माझ्याकडे नाहीत."

"मग कुठे आहेत?"

"मी ती पोलिसांना दिली. तीन वर्षांपूर्वी. नवा कायदा आला तेव्हा."

गॉर्डनचे हात नाडीवर थांबले. "पण त्या कायद्यात तर..."

"हो. ठेवता आली असती. मला माहीत होतं."

"पोलिसांनी मागितली?"

"नाही. ते नको म्हणत होते."

"मग का, प्रॅल?"

'उगाच कशाला' याला इंग्रजीत काही शब्द नाही. काका बराच वेळ शोधत होते. हात अर्धवट वर करून, जणू हवेत कुठेतरी तो लटकलेला असेल. शेवटी म्हणाले, "मला भीती वाटली."

"कसली?"

"माहीत नाही. चाळीस वर्षं वाटतेय."

गॉर्डनने नाडी बांधून पूर्ण केली. "गेल्या वर्षी म्हणालास, कपाटात आहेत."

"खोटं बोललो."

गॉर्डन फळीवरून उतरला, खुब्यावर हात ठेवून सावकाश पुढे गेला, ट्रकमध्ये बसला आणि दार लावून घेतलं. गाडी सुरू केली नाही. काच वर. आत एक म्हातारं डोकं, समोर बघणारं. काका तिथेच उभे राहिले. मग मॅचची घंटा झाली आणि ते बंदूक घेऊन ओळीत गेले, कारण नाव दिलेलं होतं आणि नाव दिल्यावर जायचं असतं.

अकरा जोड्या होत्या. पहिल्या नेमबाजांची पाळी. काका बाकाशी बसले, शेजारची दुसऱ्या नेमबाजाची खुर्ची रिकामी. रेंजचा प्रमुख ओरडला, आणि अकरा बंदुका एकदम सुटल्या. मी फक्त काकांच्या खांद्याकडे बघत होतो. दर गोळीला तो इंचभर मागे जाई आणि परत जागेवर येई. सात. आठ. नऊ. दहा. अठरा नंबर कुठेही अडलं नाही. ज्या दहा गोळ्यांसाठी त्यांनी वर्ष घातलं, त्या झाडून झाल्यावर ते मागे वळून पार्किंगकडे बघत होते.

"दुसरे नेमबाज!" प्रमुख ओरडला. दहा जण खुर्च्यांवर बसले. प्रमुखाने टेंभेकरांच्या बाकाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. क्लबात सगळे गॉर्डनला ओळखतात, अर्ध्यांना त्याने शाळेत सोडलेलं आहे. प्रमुख थांबला. वीस सेकंद गेली असतील. मला ती अजून मोजता येतात.

मग ट्रकचं दार वाजलं. गॉर्डन आला. घाई नाही, लंगडत, कुणाकडे न बघता. बसला. काकांनी एकोणीस नंबर बाकावर त्याच्यासमोर ठेवलं. गॉर्डनने ते उचललं, उलटं करून तळ पाहिला. तिथे काकूंच्या नेलपॉलिशचा गुलाबी एकोणीस होता, आणखी काही नव्हतं. एवढंसं बघायला त्याला फार वेळ लागला. मग त्याने ते बंदुकीत बसवलं.

दहा गोळ्या. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, डोळ्यांत पाणी होतं की नाही ते मला मागून दिसलं नाही, पण दहाच्या दहा कागदावर गेल्या, आणि सात तर काळ्या वर्तुळात. काकांच्याही सातच होत्या. जोडी चौथी आली. माझ्या अंगावर काटा आला तो नंबरामुळे नव्हे. असा राग मी पाचोऱ्यात पाहिला नाही, बॉथेलमध्येही नाही, की जो ट्रकमध्ये बसून राहतो, आणि पाळी आली की उतरून नेम धरतो.

बंदूक मोकळी झाल्यावर गॉर्डन उठला. "मी रागावलोय," तो काकांना म्हणाला.

"हो."

"हा राग लवकर जाणार नाही. नाताळ तरी उजाडेल."

"हो."

"किती झाडल्यास यातून? आजच्या आधी?"

"शंभर. त्या दुसऱ्यातूनही शंभर."

गॉर्डनने मान हलवली. त्याने काकूंना हात केला, काकांना नाही, आणि ट्रककडे निघाला. चार पावलं जाऊन थांबला. मागे न वळता विचारलं, "मंगळवारी सराव नऊलाच ना?"

"नऊला," काका म्हणाले.

 घरी येताना गाडीत काकूंनी डब्यातला चिवडा मागे माझ्याकडे सरकवला. मोठा रस्ता लागेपर्यंत काकांचे ओठ हलत होते. मला वाटलं, देवाचं काही म्हणतायत.

"चौदा," ते शेवटी म्हणाले.

"काय चौदा?" काकूंनी विचारलं.

"नाताळपर्यंत मंगळवार."